उरलेल्या दोन स्लाइड

सप्रे सपातांसमोर प्रेझेंटेशन करायचे.

हे मी कोणाला सांगितलं की त्याला वाटतं, मी काहीतरी अलंकारिक बोलतोय. तसं काही नाही. तोक्योच्या एदोगावा भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलेलं असायचं आणि जमिनीवर घरात घालायच्या सपातांचे जोड ओळीने मांडलेले असायचे. पुढच्या रांगेतल्या जोडांवर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत नाव. किताजिमा-सान. ओगावा-सान. नोगुची-सान. चौथ्यावर नुसतंच 'नवीन कोणी आलं तर'. समोर सप्रे उभे, हातात टीव्हीचा रिमोट. पुढची स्लाइड आली की बटण दाबायचे. टीव्ही बंद असायचा, स्लाइड डोक्यात असायची. मध्येच डावीकडून दुसऱ्या जोडापाशी वाकून जपानीत म्हणायचे, "ओगावा-सान, प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर पान चौदावर, तळटीपेत आहे."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दारातच थिजलो.

"ये ना आत," सप्रे म्हणाले. "फक्त नोगुची बाईंवर पाय देऊ नकोस."

मी जपानात आलो तो भूकंपानंतरच्या थंडीत. मार्चमध्ये जमीन हलली, उत्तरेकडची अणुभट्टी फुटली आणि एप्रिल उजाडेपर्यंत आमच्या कंपनीच्या तोक्यो ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. लोकांनी लॅपटॉप तसेच उघडे टाकून विमानं पकडली होती. पुण्याच्या ऑफिसात विचारलं, कोण जाणार, तेव्हा हात वर करणारा मी एकटाच होतो. किरणोत्सर्गाला मी घाबरत नव्हतो असं नाही. पण सगळे मागे सरले की पुढे व्हायचं ही आमच्या घरची खोड. वडील कामगार संघटनेत होते. जेवणं झाली की सगळं घर बसून पत्रकं दुमडायचं. बाकीची मुलं गोष्टींच्या पुस्तकांवर अक्षरं शिकली, मी 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर शिकलो.

आणि पत्रकाची एक गंमत असते. कोण वाचणार आहे याची त्याला फिकीर नसते. रिक्षावाल्याला सांगतं तेच ते कलेक्टरला सांगतं. म्हणून समोरच्याचं तोंड बघून बोलणं बदलणारा माणूस मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलाय. नेमक्या अशाच माणसाच्या हाताखाली मला टाकलं.

सप्रे सेहेचाळीस वर्षांचे, बुटके, बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालणारे. दहा वर्षं जपानात. सुपरमार्केटांना माल पोचवणारी एक जपानी कंपनी आमची ग्राहक होती. तिच्या गोदामांची सॉफ्टवेअरं आम्ही लिहायचो, आणि आम्ही काय लिहिलंय ते त्या लोकांना पटवून द्यायचं काम सप्रेंचं. त्यांच्याजवळ एक वही होती. तिला ते 'माणसांची वही' म्हणत. तिच्यात प्रत्येक माणसाची वेगळी पानं.

'किताजिमा-सान, विभागप्रमुख. डोळे मिटून ऐकतात. झोपलेले नसतात. आवाज वाढवू नये. तीन स्लाइडपर्यंत लक्ष.'

'ओगावा-सान. तळटीपा वाचतात. एक तळटीप मुद्दाम थोडी अपुरी ठेवावी, म्हणजे विचारायला काहीतरी मिळतं आणि माणूस खूश राहतो.'

'नोगुची-सान. मीटिंगमध्ये एक शब्द बोलत नाहीत. ठरवतात त्याच. दोन दिवस आधी कागद पोचवावा, छापील.'

"समोर कोण बसलंय?" हा त्यांचा मंत्र. कोणतीही गोष्ट करायची म्हटलं की आधी हा प्रश्न. ऑफिसात ईमेल लिहिताना, दुकानात पिशवी नको म्हणताना, इतकंच काय, कचरा टाकतानासुद्धा. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजीबाई राहायच्या आणि पारदर्शक पिशव्यांतून कोणी काय टाकलंय ते तपासायच्या. सप्रे पिशवी भरताना धुऊन, कापून, सपाट केलेला दुधाचा खोका काचेतल्या दागिन्यासारखा दर्शनी भागात बसवायचे. "आत नियमाप्रमाणेच आहे सगळं," मला म्हणाले. "पण त्यांना ते वाकून बघावं लागू नये. गुडघे दुखतात त्यांचे."

"सर, ही कचऱ्याची जाहिरात झाली."

"तुमच्या पत्रकाला काय म्हणतात मग, पत्रकवाले?"

तेव्हापासून मी पत्रकवालेच झालो.

माझं पहिलं प्रेझेंटेशन मी सपातांसमोर करायला नकार दिला. काम उशिरा का होतंय, हा विषय. मी अकरा स्लाइड केल्या, पहिलीच 'विलंबाची खरी कारणं'. तिसऱ्या स्लाइडवर मी किताजिमा-सानच्याच विभागाचं नाव लाल अक्षरांत टाकलं होतं, कारण ते खरं होतं. किताजिमा-साननी डोळे मिटले. मला वाटलं झोपले, म्हणून मी आवाज चढवला. ते डोळे आणखी घट्ट मिटून बसले. मी आणखी चढवला. शेवटी ते म्हणाले, "पुष्कळ शिकायला मिळालं," आणि सगळ्यांनी वाकून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर मी सप्रेंना म्हणालो, "पटलं त्यांना."

"हो ना," सप्रे म्हणाले. "आता हे काम दुसऱ्या कंपनीला द्यावं हेसुद्धा पटेल."

पुढचे चार दिवस सप्रे त्या ऑफिसात एकेकाच्या टेबलाशी जात राहिले. हातात चेस्टनटच्या मिठाईचा खोका, तोंडात माझ्या वतीने माफी. शुक्रवारी त्यांनी तोच विषय पुन्हा मांडला. माझे अकराच्या अकरा मुद्दे त्यात होते. एकही गाळला नव्हता, एकाचीही धार कमी केली नव्हती. फक्त क्रम बदलला होता आणि सुरुवातीला आमची स्वतःची चूक घातली होती. सगळं मान्य झालं. त्यांनी खोटं बोलून काम साधलं असतं तर मला त्यांचा निषेध तरी करता आला असता.

"एक लक्षात ठेव," परतताना आगगाडीत त्यांनी मला सांगितलं. "मीटिंगमध्ये निर्णय होत नसतो. तिथे तो नुसता वाचून दाखवतात. झालेला असतो आधीच. लिफ्टपाशी, चहाच्या यंत्रापाशी. खोलीत शिरलास की आधी नजर फिरवायची, तो कुठे पडलेला दिसतोय का."

"आणि कोणी असा प्रश्न विचारला, की ज्याचं उत्तरच नाही?"

"तर बनवायचं नाही. 'प्रश्न घेऊन जातो' म्हणायचं. आणि तारीख द्यायची. तारीख दिली नाही तर ती पळवाट झाली."

ऑफिसात सप्रे प्रसिद्ध होते ते मात्र या शहाणपणासाठी नाही. 'भूकंपात प्रेझेंटेशन पूर्ण केलेला माणूस' ही त्यांची ख्याती. नवीन कोणी आला की चहाबरोबर हा किस्सा त्याला मिळायचाच. त्या मार्चच्या दुपारी सप्रे ग्राहकाच्या ऑफिसात नवव्या मजल्यावर होते. बावीस स्लाइडमधली विसावी चालू होती. जमीन हलायला लागली आणि थांबेचना. सगळे टेबलाखाली गेले. कपाटांमधून फायली कोसळल्या, छतातला एक दिवा लोंबकळला. थांबल्यावर सगळे टेबलाखालून बाहेर आले. किताजिमा-साननी टाय सरळ केला, खुर्ची सरळ केली, बसले आणि म्हणाले, "दोझो." म्हणजे, चालू द्या. आणि सप्रेंनी उरलेल्या दोन स्लाइड दाखवल्या! वर प्रश्नोत्तरं. ओगावा-साननी तळटीप विचारली.

ऑफिस पोट धरून हसायचं. सप्रेही हसायचे आणि शेवटची ओळ स्वतः टाकायचे, "पडदा हलत होता, पण मुद्दा ठाम होता."

मला हसू आलं नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "सर, याला शिस्त म्हणत नाहीत, गुलामी म्हणतात. बाहेर जग कोसळतंय आणि एक साहेब म्हणतो चालू द्या, आणि तुम्ही चालू देता?"

सप्रेंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"त्या खोलीत पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं रे," ते म्हणाले. "मला तेवढ्या दोन स्लाइड माहीत होत्या."

सपातांचे एकूण जोड सात होते. पुढच्या रांगेतले चार मी सांगितले. मागे भिंतीला लागून तीन जोड असायचे, त्यांच्यावर चिकटपट्टी नव्हती. एक रुंद, मरून रंगाचा. एक निळा. आणि एक अगदी लहान, पिवळा, पुढे सशाचे कान असलेला. "हे कोण?" मी एकदा विचारलं होतं. "निरीक्षक," सप्रे म्हणाले, आणि रिमोटचं बटण दाबून पुढच्या स्लाइडवर गेले.

एप्रिलमध्ये, चेरीची फुलं गळून फुटपाथला चिकटली होती तेव्हा, त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. "प्रश्न विचारायला माणूस हवाय," म्हणाले.

मी गेलो तर पुढची रांग गायब होती. तिच्या जागी निरीक्षक. आता त्यांच्यावरही पट्ट्या होत्या. मरून जोडावर 'आई'. निळ्यावर 'मेधा'. सशाच्या कानांवर 'ईरा'.

मेधा म्हणजे सप्रेंची बायको, ईरा मुलगी, आणि आई म्हणजे पुण्याच्या सासूबाई. भूकंप झाला तेव्हा मेधाताई भावाच्या लग्नासाठी पुण्याला गेल्या होत्या. नऊ वर्षांची ईरा आणि सप्रे, दोघेच इथे होते. दहा दिवसांनी सप्रेंनी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर ईराला विमानात बसवून दिलं. तात्पुरतं. मेधाताईही तिकडेच थांबल्या. तात्पुरतं. जूनमध्ये ईराला पुण्यात शाळेत घातलं, तेही तात्पुरतं. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

"पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल आहे," सप्रे म्हणाले. "तिघींसमोर मांडणार आहे. जूनच्या आत त्या दोघी परत यायला हव्यात. आणखी एक वर्ष तिकडे गेलं तर..." त्यांनी मरून जोड माझ्यापुढे सरकवला. "बस. तू आई हो."

मी मरून सपातांत पाय घातले. त्या मला दोन बोटं कमी पडत होत्या.

"जावईबापू," मी बायकी आवाज काढून सुरुवात केली, "तिकडच्या पाण्याचं काय?"

"जावईबापू नाही म्हणत त्या. अविनाशराव म्हणतात. आणि रागावल्या की काहीच म्हणत नाहीत, नुसतं 'बरं' म्हणतात."

"अविनाशराव, पाण्याचं काय?"

"उत्तम प्रश्न, आई. स्लाइड चार."

आईंसाठी पाणी, दूध, दवाखाना, आणि सप्रे ऑफिसातून किती वाजता घरी येतील याचं वेळापत्रक. मेधाताईंसाठी आकडे नव्हतेच. त्या इथे एका केंद्रात बायकांना जपानी शिकवायच्या. ते केंद्र पुन्हा सुरू झालंय याचा फोटो, आणि गॅलरीतली त्यांची कढीपत्त्याची कुंडी, जगलेली. ईरासाठी सायाका नावाच्या मैत्रिणीने लिहिलेलं पत्र, नदीकाठ, आणि नवीन सायकल निवडायला तीन पर्याय.

माझ्यातलं पत्रक उसळलं. "सर, तीन माणसांना तीन वेगळी सत्यं?"

"सत्य एकच आहे. ये म्हणतोय मी." सप्रेंनी माझ्या पायांकडे बघितलं. "पण त्या सपाता बघ. तुला होतायत का?"

आम्ही चार तास सराव केला. मी आई झालो, मेधाताई झालो, ईरासाठी सशाच्या कानांत पाय जाईना म्हणून त्या हातांत घातल्या आणि विचारलं, "बाबा, सायकलला टोपली असेल का?" सप्रेंनी वहीत लिहून घेतलं, टोपली.

कॉलच्या रविवारी मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसलो होतो, स्लाइड पुढे सरकवायला. सप्रेंनी नवा स्वेटर घातला होता. पडद्यावर पुण्याची खोली उघडली. मध्ये मेधाताई, दमलेला, शांत चेहरा. शेजारी सासूबाई. आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली ईरा. मागे कपाटाला हँगर लटकवलेला.

सप्रे छान बोलले. स्लाइड चारवर सासूबाई "बरं" म्हणाल्या, तरी ते डगमगले नाहीत. कढीपत्त्याच्या कुंडीवर मेधाताई किंचित हसल्या, मग खाली बघू लागल्या. "अवी, अरे..." एवढंच म्हणाल्या. सप्रे सायकलवर आले आणि तिथे अडखळले. मी पुढची स्लाइड दिली. त्यांनी पाहिलीच नाही. ते हँगरकडे बघत होते.

हँगरवर शाळेचा गणवेश होता. नवा. ईराच्या मापापेक्षा चांगला वीतभर लांब, खालची पट्टी आत रुंद दुमडून शिवलेली, दरवर्षी थोडी उसवून आणखी तीन वर्षं पुरेल अशी.

निर्णय कुठे पडलेला दिसतोय का, ते बघायला सप्रेंनी मला शिकवलं होतं. मलाही दिसला.

दुसऱ्या कोणी तिथेच लॅपटॉप मिटला असता. सप्रेंनी ईराकडे पाहिलं. मग खुर्चीवर वर घेतलेल्या तिच्या पायांकडे.

"ईरा, घरात बूट?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, हळू आवाजात. "झोपतानासुद्धा घालते, अविनाशराव. वर्ष झालं. काढू देत नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती."

भूकंपाच्या त्या दुपारी ईराच्या शाळेने मुलांना शेजारच्या मैदानात नेलं होतं, वर्गातल्या पातळ कापडी सपातांवरच. त्या भागात जमिनीतून चिखल वर आला होता. एकेक पालक येऊन मुलांना नेत गेले. आगगाड्या बंद होत्या. सप्रे शहराच्या दुसऱ्या टोकाहून पाच तास चालत पोचले तेव्हा मैदानात एक शिक्षिका आणि ईरा, एवढ्याच उरल्या होत्या. एवढं मला माहीत होतं. सप्रेंनीच कधीतरी सांगितलं होतं.

"बाबा," ईरा म्हणाली, "मी एक विचारू?"

"विचार ना, बाळा."

"मी तिकडे आले, आणि पुन्हा हललं, तर तू मीटिंग संपवून येशील का?"

 तो किस्सा तिला माहीत होता. नंतर सप्रे मला म्हणाले, भूकंपाच्या आठवड्यात त्यांनी तो स्वतःच फोनवर आपल्या भावाला सांगितला होता, हसत हसत, आणि ती बाजूला गृहपाठ करत होती.

मी आमच्या बावीस स्लाइड मनात चाळल्या. पाणी होतं, दूध होतं, टोपली होती. हे नव्हतं. सगळं एका ओळीत निभावता आलं असतं: नाही गं, वेडे, धावत येईन. कोणीही बाप म्हणाला असता.

सप्रे म्हणाले, "ईरा, हा प्रश्न मी घेऊन जातो."

"कधी सांगशील?"

सप्रेंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"तारीख द्यायची असते, बाबा. तूच म्हणतोस."

"देतो," सप्रे म्हणाले. त्यांना ती देता आली नाही. मेधाताईंनी "अवी, नंतर बोलू आपण," म्हटलं आणि पडदा काळा झाला.

 निषेधाची सगळी वाक्यं मला पाठ होती, पण निषेध कोणाचा करायचा? सप्रेंनी वही उघडली, एका कोऱ्या पानावर 'ईरा' लिहिलं आणि खाली, 'बूट. मी विचारलं नाही.' दहा वर्षांत त्यांनी ओगावा-सानच्या तळटीपांना चार पानं दिली होती. ईराचं पान त्या दिवशी सुरू झालं. मग त्यांनी सपाता गोळा केल्या. पिवळ्या सपाता तळव्यावर घेऊन वीत लावून पाहिल्या. "आता तिला यांत पाय घालता येणार नाही," म्हणाले. "मी जुन्याच मापाशी बोलत होतो."

त्यानंतर किस्सा बंद झाला. ऑफिसात कोणी "सर, ते भूकंपाचं सांगा ना" म्हणालं की सप्रे उठून पाणी प्यायला जायचे.

जूनच्या शेवटी ग्राहकाकडे वर्षाचं मोठं प्रेझेंटेशन होतं. पुढची तीन वर्षं काम आमच्याकडे राहणार की नाही, ते त्यावर ठरणार होतं. तोच नववा मजला. त्या इमारतीत बूट तळमजल्याच्या दारापाशी काढून ठेवावे लागत आणि पाहुण्यांना हिरव्या रेक्झिनच्या सपाता मिळत, त्यांच्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. सकाळी दहाला सुरुवात झाली. किताजिमा-साननी डोळे मिटले. नोगुची बाईंनी दोन दिवस आधी पोचलेला कागद काढला, त्यावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या; म्हणजे काम आमचंच, मला कळलं. सप्रे सुरेख बोलत होते. अठरा. एकोणीस. विसावी स्लाइड.

खोलीतले सगळे फोन एकदम ओरडले. भूकंपाच्या सूचनेचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला मी वर्णन करून सांगायची गरज नाही. मग जमीन हलली. पाण्याचे पेले टेबलावर चालू लागले, पडदा झुलला. आम्ही टेबलाच्या कडा धरून बसलो. अर्ध्या मिनिटात थांबलं. वर्षभर असे कितीतरी आले होते. ओगावा-साननी पेला सरळ केला. किताजिमा-साननी टाय सरळ केला, आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

"दोझो."

सप्रे उभे होते, बटणावर अंगठा ठेवून. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माफ करा," ते जपानीत म्हणाले. "दोन स्लाइड उरल्या आहेत. मला जायला हवं. मुलगी वाट बघतेय."

आणि गेले. लिफ्ट बंद पडली होती. जिन्यावर त्यांच्या सपातांचा फटफट आवाज खाली खाली जात राहिला. मी कोणाचीही माफी न मागता मागे धावलो. किताजिमा-सानही उठले हे मला मागच्या खुर्चीच्या आवाजावरून कळलं, पण मी थांबलो नाही.

इमारतीच्या दारासमोरच्या फुटपाथवर सप्रे थांबले होते. फोन कानाला. पावसाळी, ढगाळ सकाळ, रस्त्यावर लोक काहीच न झाल्यासारखे छत्र्या घेऊन चाललेले. पुण्यात सकाळचे सातही वाजले नव्हते.

"ईरा? बाबा बोलतोय. उठलीस का? ऐक. इथे आत्ता हललं."

फोनचा आवाज मोठा होता, तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "खूप?"

"नाही, थोडंसंच. मी मीटिंगमधून निघालोय."

"पण बाबा, मी पुण्यात आहे."

"माहीत आहे."

 मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तिने विचारलं, "किती स्लाइड राहिल्या?"

"दोन."

 माझ्या बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. किताजिमा-सान होते, नऊ मजले उतरून धापा टाकत. त्यांच्या हातात सप्रेंचे बूट होते.

"बाबा, बूट घातलेस का?"

सप्रेंनी खाली पाहिलं. ओल्या फुटपाथवर हिरव्या सपाता, सोनेरी अक्षरं.

"नाही," ते म्हणाले.

"वेडा आहेस का तू? असं बाहेर जायचं नसतं! आधी बूट घाल."

किताजिमा-सान पुढे झाले. एवढा मोठा विभागप्रमुख, तो खाली वाकला आणि त्याने दोन्ही बूट सप्रेंच्या पुढ्यात ठेवले, इथे दारात ठेवतात तसे, टाचा घालणाऱ्याकडे आणि टोकं जायच्या दिशेला. मग दोन पावलं मागे सरून, डोळे उघडे ठेवून, ते उभे राहिले.

सप्रेंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि एक पाय सपातेतून काढला.

"घालतोय," ते म्हणाले. "घालतोय हं. फोन ठेवू नकोस."